दुचाकीचा हेडलाइट वाढवणे

कंपनीने दिलेल्या बल्बच्या जागी जास्त वॉटचा किंवा वेगळ्या जातीचा बल्ब बसवणे, अथवा क्रॅशगार्डवर जादा दिवे जोडणे. ठाणे-नवी मुंबईत याची गरज रोजच्या रस्त्यापेक्षा सुट्टीच्या रस्त्यावर जास्त भासते. पाम बीच मार्गावर खांबांच्या उजेडात गाडी निभावते. मुरबाड मागे टाकून माळशेजकडे निघाले, की ३५ वॉटचा दिवा तोकडा पडतो. गाडी मात्र आठवड्याचे पाच-सहा दिवस घोडबंदर रोडच्या कोंडीत उभी असते, आणि वाढवलेल्या दिव्याचा हिशेब तिथेच चुकतो.

दुचाकीची वीज इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटमुळे त्याच्या आतल्या कॉइलमध्ये तयार होते. ती एसी असते. रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे गॅरेजातला ‘आरआर’, तिची डीसी करतो आणि व्होल्टेज साधारण १४ ते १४.५च्या आत ठेवतो. आरपीएम वाढले की वीज वाढते, आयडलिंगला घटते. जुन्या लहान गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसून थेट एसीवर चालत असे. म्हणून रेस दिली की दिवा उजळायचा आणि सिग्नलला मिणमिणायचा. अशा गाडीला बॅटरीवर चालणारा एलईडी लावायचा, तर आधी वायरिंग डीसी करून घ्यावे लागते.

क्रॅशगार्डवरचे २०-२० वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टला सुमारे ३.३ अँपिअर ओढतात. मोकळ्या रस्त्यावर हा भार कॉइल उचलू शकते. कोंडीत इंजिन आयडलिंगवर असताना तूट बॅटरी भरून काढते. सगळी तूट तिच्यावरच आली, तर अर्ध्या तासात १.७ अँपिअर-तास जातात, म्हणजे ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा तिसरा हिस्सा. त्यात १ एप्रिल २०२०पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या; टाकीतला पेट्रोल पंप आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) यांनाही वीज लागते. किक नसलेली गाडी मग कासारवडवलीला बंद पडली, तर धक्का मारण्यावाचून गत्यंतर नाही.

मोठ्या बल्बने कॉइल जळते, हा समज मात्र अर्धवट आहे. लहान दुचाक्यांत आरआर बहुधा शंट जातीचा असतो: कॉइल आपल्या ताकदीने वीज बनवत राहते आणि नको असलेली वीज आरआर शॉर्ट करून वळवतो. त्यामुळे जादा बल्बने कॉइलवरचा ताण फारसा वाढत नाही. तसाच एलईडी लावल्याने तिला आरामही मिळत नाही. उलट उरलेली जास्तीची वीज जिरवायचे काम आरआरच्या गळ्यात पडते आणि तो तापतो.

खरा ताण वायरिंगवर येतो. बुलेटसारख्या गाड्यांतला ६०/५५ वॉटचा एच-४ हॅलोजन (अप्पर आणि डिपर अशा दोन फिलामेंटचा बल्ब) अप्परवर ५ अँपिअर घेतो; त्याच होल्डरमध्ये १००/९०चा बल्ब बसवला, की ८ अँपिअरच्या वर. तारेत जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे इथे जवळजवळ पावणेतीन पट. प्लॅस्टिकचा होल्डर मऊ पडतो, स्विचचे कॉन्टॅक्ट काळे होतात. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत कपलरमधल्या पितळी पिना पूजेच्या भांड्यांसारख्या कळंकतात आणि विजेच्या वाटेतला रोध आणखी वाढतो. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. बॅटरीवर १३.५ व्होल्ट असताना होल्डरवर १२च पोहोचत असतील, तर एक तृतीयांश उजेड वाटेतच संपला. बल्ब बदलण्याआधी मल्टिमीटर होल्डरला लावून पाहणे हे सगळ्यात स्वस्त काम, आणि तेच सहसा कोणी करत नाही.

रिले बसवणे हा यावरचा जुना आणि चांगला उपाय. मूळ स्विचने फक्त रिलेची लहान कॉइल चालवायची (८५ आणि ८६ क्रमांकाच्या पिना). दिव्याची वीज जाड तारेने बॅटरीपासून फ्यूजमार्गे ३०वर आणून ८७वरून बल्बला द्यायची. फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा. अर्थची तारही तितकीच जाड हवी. ती बारीक ठेवून बाकी सगळे नवे करणारे पुष्कळ आहेत.

एलईडी बल्ब वीज कमी खातो, पण तो रिफ्लेक्टरशी जुळतोच असे नाही. एच-४मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली धातूची इवलीशी वाटी असते; ती रिफ्लेक्टरच्या खालच्या भागाकडे जाणारा उजेड अडवते, म्हणून झोत वर उडत नाही. एलईडीच्या चिप फिलामेंटच्या नेमक्या जागी नसतील, तर रस्त्यावर पांढरा सडा दिसतो, लांबचे काही दिसत नाही आणि माळशेजच्या वळणावर समोरच्या एसटी ड्रायव्हरचे डोळे दिपतात. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एचआयडी, म्हणजे फिलामेंटऐवजी वायूतल्या ठिणगीने उजळणारा बल्ब, बसवल्यासही हेच होते. धुक्यात पिवळ्या रंगाची महती जरा जास्तच सांगितली जाते. दिवा खाली बसवणे आणि त्याचा झोत रुंद व आखूड असणे याने जास्त फरक पडतो.

१ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाक्यांना इंजिनाबरोबर आपोआप लागणारा हेडलाइट सक्तीचा झाला आणि बंद करायचे बटण गेले. तेव्हापासून तीन हात नाक्यावर भर दुपारीही हा भार चालूच असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. एमएच-०४ असो वा एमएच-४३, नियम एकच.