ऑपरेशन पित्ताशयाचं, दुखतोय खांदा!

मावशीचं पित्ताशय काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो तर पोटाबद्दल एक शब्द नाही, नुसती उजवा खांदा चोळत बसलेली. तिला वाटलं टेबलावर हात वाकडातिकडा ठेवला असणार. खरं कारण म्हणजे गॅस, आणि तोही आपल्या नेहमीच्या पोटातल्या गॅसपैकी नाही.

दुर्बिणीने ऑपरेशन करायचं तर आत जागा पाहिजे, म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, साधारण 12 ते 15 मिलिमीटर पाऱ्याइतक्या दाबाने, की पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते. साधी हवा का नाही? कारण आत कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या अवजाराने, जाळकाम चालतं आणि हा गॅस पेट घेत नाही, शिवाय रक्तात पटकन विरघळून श्वासावाटे निघून जातो. शेवटी गॅस काढून घेतात पण थोडा उरतोच, तो आणि ताणलेलं श्वासपटल (छाती आणि पोटामधला पडदा) मिळून तिथली नस चाळवतात, आणि ही नस निघते मानेतून, खांद्याकडून येणाऱ्या नसाही तिथेच पोचतात, त्यामुळे मेंदूचा पत्त्यात घोळ होतो. दोनतीन दिवसांत थांबतं, थोडं चाललं की बरं वाटतं.

भोकं बहुतेक वेळा चार, बेंबीपाशी कॅमेरा, बाकीच्यांतून अवजारं, प्रत्येक 5 ते 10 मिलिमीटरचं. भोकं छोटी म्हणून ऑपरेशन छोटं असं मात्र अजिबात नाही हं. पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी क्लिप लावून कापायची असते आणि यकृताकडून येणारी मुख्य पित्तनळी अगदी शेजारीच असते, ती चुकून कापली गेली तर पेशंटचे फार हाल होतात. म्हणून आधी सगळी चरबी साफ करायची, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवायचा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी स्वच्छ दिसल्या तरच कापायचं. सूज फार असेल, काही ओळखूच येत नसेल तर सर्जन सरळ पोट उघडतात, त्यात त्यांचं काही चुकलं असं नसतं, उलट तोच शहाणपणा.

जर्मनीत एरिक म्यूहे यांनी 1985 मध्ये पहिल्यांदा असं पित्ताशय काढलं तेव्हा तिथल्या सर्जन मंडळींनी त्यांना दारातही उभं केलं नव्हतं. आपल्याकडे 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी सुरुवात केली, म्हणजे सरकारी दवाखान्यात, हे मला जास्त भारी वाटतं.

मावशीचा पुढचा प्रश्न, किडनीचे खडे फोडून काढतात तसे पित्ताशयातले हे खडे का नाही काढले? अगं, फोडलेले तुकडे पित्तनळीत जाऊन अडकू शकतात, आणि पिशवी ठेवली की त्यात परत खडे होतात. पित्त बनवतं यकृत, पिशवी फक्त 30 ते 50 मिलिलिटर साठवते, ती नसली तर पित्त थेट आतड्यात झिरपत राहतं. काहींना सुरुवातीला जुलाब होतात, बाकी जेवणखाण हळूहळू नेहमीसारखं.

"म्हणजे आता मला पित्त होणार नाही ना?" मावशी.

आपण ज्याला 'पित्त झालं' म्हणतो ते जठरातलं ॲसिड, अंगावर उठतं ते पित्त तिसरंच, आणि यकृताचं हे वेगळं, हे समजवायला मी सुरुवात केली तोवर मावशीने उशीखालून खड्यांची डबी काढून शेजारच्या बेडवरच्या काकूंना मोजून दाखवायला घेतले होते, अकरा.