७८०५ आधी रेझिस्टर लावला की वीज वाचते?

घरगुती पॉवर सप्लायमध्ये ७८०५ (स्थिर ५ व्होल्ट देणारा आयसी) तापला, की ‘इनपुटला रेझिस्टर टाक, व्होल्टेज उतरेल, वीजही वाचेल’ हा सल्ला हमखास मिळतो. अर्धाच खरा आहे. इनपुट १५ व्होल्ट, लोड अर्धा अँपिअर: जादा १० व्होल्ट आयसीत पडतात, म्हणजे ५ वॅट उष्णता. १० ओहमचा रेझिस्टर घातला, तर अडीच वॅट त्यात, अडीच आयसीत. बेरीज तीच! हीटसिंकचा (आयसीची उष्णता घालवणाऱ्या धातूच्या तुकड्याचा) भार हलका होतो, एवढंच. (रेझिस्टर ५ वॅटचा घ्या, पाव वॅटचा काळा पडेल.) शिवाय करंट २० मिलिअँपिअरवर आला, तर रेझिस्टरवरचा उतार फक्त ०.२ व्होल्ट, एक अँपिअरला मात्र आयसीपाशी ५ व्होल्टच उरतात. त्याला किमान सातेक लागतात, म्हणून आउटपुट कोसळतं. वीज खरंच वाचवायची, तर १२ऐवजी (एसीचं डीसी केल्यावर त्याचेच साधारण १५ व्होल्ट होतात) ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या.