ट्रेनिंग झालं, पण कंपनी शिकली का?

मोठ्या कंपनीत बदलाचं वारं सुटलं की आधी ट्रेनिंगचं वेळापत्रक येतं. सगळ्यांचं ट्रेनिंग उरकलं, हजेरी शंभर टक्के भरली, की एचआरच्या सादरीकरणात ‘आपली संस्था शिकते आहे’ अशी स्लाइड झळकते. माणसं शिकणं आणि संस्था शिकणं यांची गल्लत होते ती इथेच.

समजा, ऑर्डर नोंदवायची नवी प्रणाली आली. एकाच ऑर्डरचा माल दोन पत्त्यांवर पाठवायचा असेल, तर ती घेतच नाही. मग एखादी जुनीजाणती कर्मचारी युक्ती काढते: ऑर्डर दोन तुकड्यांत टाकायची आणि हिशेब जुळावा म्हणून बाजूला एक्सेलची शीट ठेवायची. शेजारच्या दोघांनाही ती शिकवते. हे माणसांचं शिकणं, आणि बऱ्याचदा ते ट्रेनिंगपेक्षा सरस असतं. पण तिची बदली झाली की युक्तीही तिच्याबरोबर गेली. कंपनी शिकली असं कधी म्हणायचं? ही अडचण प्रणाली सांभाळणाऱ्यांपर्यंत पोचली, फॉर्म दुरुस्त झाला आणि नव्या माणसाला युक्तीची गरजच उरली नाही, तेव्हा.

संस्था कशा शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या ख्रिस आर्जिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७८ मध्ये यातही फरक केला. नियम तसाच ठेवून चूक निस्तरणं वेगळं, आणि मुळात तो नियमच बरोबर आहे का हे तपासणं वेगळं. पहिल्यात मोठ्या कंपन्या तरबेज असतात. दुसऱ्यासाठी वरच्या कुणाचा तरी निर्णय चुकला, हे मान्य करावं लागतं. घोडं अडतं ते तिथे.

आता सर्व्हे. ‘इथे शिकायला वाव आहे’ या वाक्याला भरघोस गुण मिळाले, तरी ते कर्मचाऱ्यांचं मत झालं, कंपनी शिकल्याचा पुरावा नव्हे. मात्र ते मत झटकून टाकण्यासारखंही नसतं. अडचण सांगितली तर बोलणी आपल्यालाच बसतील असं वाटलं, की ती शीट गुपचूप चालू राहते. संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगलं नेतृत्व असलेल्या विभागांत चुकांची नोंद उलट जास्त निघाली, कारण तिथली माणसं चुका बोलून दाखवायला कचरत नव्हती.

म्हणून बदलाच्या धामधुमीत तक्रारी एकदम आटल्या, तर मला ते सुलक्षण वाटत नाही. फीडबॅक फॉर्मवर ‘ट्रेनर कसे वाटले?’ हा प्रश्न हमखास असतो. त्याच्याखाली ‘तुम्ही सांगितलेली कोणती अडचण दूर झाली?’ हाही टाकून पाहावा.