चेंडू सुटण्याआधीचा अंदाज

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधली एक चाल पाच-सहा सेकंदांत आटोपते. पुढची चाल सुरू करायला ४० सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात बचावाच्या अकरा जणांना ताडायचं असतं, की समोरचे चेंडू घेऊन धावणार की पास टाकणार, आणि कुठल्या बाजूला. अंदाज बरोबर आला तर बचावपटू अर्धं पाऊल आधी निघतो. शनिवारच्या सामन्याआधी आठवडाभर प्रतिस्पर्ध्याची जी चिरफाड चालते, ती या अर्ध्या पावलासाठी.

हल्ला करणाऱ्या संघाला १० यार्ड (एक यार्ड म्हणजे तीन फूट) पुढे सरकायला चार प्रयत्न, म्हणजे चार डाउन मिळतात. कितवा डाउन आहे आणि किती यार्ड उरलेत, यावर पुढचं सगळं गणित बेतलेलं असतं.

रविवारी चित्रफिती फोडायला घेतात. टीव्हीवरचं चित्रण इथे फारसं कामाचं नाही, कारण तो कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि सर्वांत मागे उभे असलेले बचावपटू, म्हणजे सेफ्टी, चौकटीबाहेर राहतात. हवी असते ती उंचावरून बाजूने घेतलेली फीत, ज्यात बावीसही खेळाडू दिसतात, आणि दुसरी गोलरेषेमागून घेतलेली, ज्यात पुढच्या फळीतल्या लाइनमनांच्या झटापटी दिसतात. प्रत्येक चालीची तक्त्यात एक ओळ होते: डाउन, उरलेलं अंतर, चेंडूची जागा, फॉर्मेशन (खेळाडूंची मांडणी), चाल, दिशा, मिळालेले यार्ड. मैदानात कोण उतरलंय याचा, म्हणजे ‘पर्सोनेल’चा, दोन अंकी आकडा असतो. पहिला अंक रनिंग बॅकचा, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्यांचा. दुसरा टाइट एंडचा, जे फळीच्या टोकाला राहून अडवतातही आणि पासही झेलतात. ‘११’ म्हणजे दोन्ही एकेक आणि तीन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे. ‘१२’ म्हणजे टाइट एंड दोन, रिसीव्हरही दोन.

नवखे लोक ज्या रकान्याकडे काणाडोळा करतात तो हॅशचा. हॅश म्हणजे मैदानाच्या लांबीला समांतर खुणांच्या दोन रेषा; चाल सुरू होताना चेंडू त्यांच्यावर किंवा त्यांच्यामध्ये ठेवतात. मैदान १६० फूट रुंद असतं आणि कॉलेजच्या मैदानावर दोन हॅश रेषांमध्ये ४० फुटांचं अंतर असतं. चेंडू डाव्या हॅशवर असला, की डावीकडे उरतात २० यार्ड आणि उजवीकडे ३३ यार्डांहून थोडे जास्त. व्यावसायिक एनएफएलमध्ये या रेषा फक्त साडेअठरा फूट अंतरावर असतात, त्यामुळे तिथे दोन बाजूंमधला फरक सहा यार्डांवर येतो. म्हणून कॉलेजचे बरेच संघ बचावपटूंना डावा-उजवा न म्हणता ‘फील्ड’ म्हणजे रुंद बाजूचा आणि ‘बाउंड्री’ म्हणजे अरुंद बाजूचा म्हणतात. अमुक संघ उजवीकडे जास्त धावतो, ही माहिती हॅशशिवाय जवळपास निरुपयोगी आहे. तो उजवीकडे धावतो की रुंद बाजूला, हेच तर शोधायचं असतं.

आता मुख्य दुखणं. चार सामन्यांत अडीचशेच्या आसपास चाली हाती लागतात. ऐकायला भरपूर, पण ‘तिसरा डाउन, सात किंवा जास्त यार्ड, ११ पर्सोनेल’ अशी चाळणी लावली की उरतात जेमतेम दहा-बारा. दहांपैकी आठ वेळा पास टाकला म्हणून ८० टक्के लिहून मोकळं होणं धोक्याचं. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या ९५ टक्के निकषाने खरा आकडा ४९ ते ९४ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतो. तेच शंभरांपैकी ८० असतील तर पट्टा ७१ ते ८७ असा आवळतो. त्यामुळे अंतराचे तीनच कप्पे पुरेत: १ ते ३, ४ ते ६, आणि ७ किंवा जास्त. याहून बारीक चिरलं की हाती नुसता गोंगाट लागतो.

काही चाली मोजायच्याच नाहीत. चार टचडाउनची, म्हणजे न गाठण्यासारखी आघाडी घेतल्यानंतरच्या, राखीव क्वार्टरबॅकच्या (पास टाकणाऱ्याच्या), किंवा चाली पुकारणारा प्रशिक्षक बदलण्यापूर्वीच्या. सामने निवडताना आपल्यासारखा बचाव मांडणाऱ्या संघांविरुद्धचे आधी घ्यावेत.

सरासरीवरही भिस्त ठेवू नये. दहा धावांपैकी एक ७५ यार्डांची आणि उरलेल्या नऊ एकेक यार्डाच्या असल्या, तरी सरासरी ८.४ यार्ड दिसते! त्याऐवजी यशाचं प्रमाण पाहतात: पहिल्या डाउनला गरजेच्या निम्मे यार्ड, दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण. वरच्या दहाही धावा पहिल्या डाउनला १० यार्ड हवे असतानाच्या धरल्या, तर या कसोटीवर एकच यशस्वी.

मग येतात शरीराच्या चुगल्या. धावेच्या चालीआधी लाइनमन जमिनीवर टेकलेल्या हातावर भार टाकतो, बोटांची पेरं पांढरी पडतात. पासआधी तो टाचांवर मागे रेलतो. पण हेही मोजूनच मानायचं, एका झलकेवर नाही. फील्ड गोलसाठी, म्हणजे लाथेने चेंडू गोलखांबांमधून मारतात तेव्हा, स्टॉपवॉच लागतं: चेंडू मागे सुटल्यापासून लाथ बसेपर्यंत साधारण १.३ सेकंद. सातत्याने १.४ च्या वर जात असतील, तर कडेने धावून तो अडवायचा बेत आखता येतो.

हे सारं चित्रफितींवरूनच करावं लागतं. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा सामना प्रत्यक्ष जाऊन न्याहाळायला कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने १९९४ पासून बंदी घातली आहे. २०२३ मध्ये मिशिगन विद्यापीठाचं प्रकरण गाजलं ते याच नियमावरून. सामना चालू असताना समोरचे प्रशिक्षक चाल कळवायला ज्या खुणा करतात, त्या नुसत्या डोळ्यांनी ओळखायला मात्र मनाई नाही. २०२४ पासून वरच्या विभागात प्रत्येक बाजूच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ आला, आणि खुणा फोडण्याचं मोलही घटलं.

खेळाडूंना यातलं किती सांगायचं? आठवड्याला सगळं मिळून २० तासांची मर्यादा असते आणि सामन्याचे तीन तास त्यातूनच वजा होतात. प्रशिक्षकाचं बाड कितीही जाड असो, लाइनबॅकरच्या, म्हणजे पुढच्या फळीमागच्या बचावपटूच्या, डोक्यात दोन-तीन नियमच टिकतात. सरावात राखीव खेळाडू कार्डं बघून प्रतिस्पर्ध्याच्या चाली करून दाखवतात. अडचण वेगाची. आर्मी-नेव्हीसारख्या संघांचा ट्रिपल ऑप्शन, म्हणजे चेंडू तिघांपैकी कोण नेणार हे चाल सुरू झाल्यावर ठरतं तो प्रकार, राखिवांना त्या गतीने जमत नाही. म्हणून काही प्रशिक्षक चक्क चेंडूशिवाय सराव घेतात, म्हणजे प्रत्येकाची नजर आपल्याला नेमून दिलेल्या माणसावरच राहते.

आणि समोरचेही स्वतःच्या सवयी मोजतच असतात. सुरुवातीच्या दहा-पंधरा चाली अनेक संघ आधीच लिहून आणतात आणि त्यात मुद्दाम सवय मोडतात. त्यामुळे पहिल्या दोन चढायांत तक्ता चुकला तरी फेकून देऊ नये. आता नियमाने बाकावर टॅब्लेट चालतात. त्यावर चालू सामन्याची फीत पाहायची आणि कुठला कप्पा अजून खरा ठरतोय, तेवढाच पुढच्या चढाईला वापरायचा.