भाजलेली सुंगटं

भाजलेली सुंगटं : पाठीवर चीर देऊन साफ केलेल्या कोळंबीला आंबट-तिखट मसाला लावून ती निखाऱ्यावर, जाळीवर किंवा बिडाच्या तव्यावर भाजण्याचा गोव्यातील घरगुती प्रकार. कोळंबीला गोव्यात सुंगटं म्हणतात. गोव्याच्या घरांत सुंगटं बहुधा हुमणात, म्हणजे नारळाच्या आंबट-तिखट कालवणात, पडतात, नाहीतर रवा लावून तव्यावर तळली जातात. निखाऱ्यावर भाजून घेण्याचा मान परंपरेने बांगड्याचा. किनाऱ्यावरच्या शॅकमधून, म्हणजे तात्पुरत्या खाणावळींतून, जाळीवरची कोळंबी लोकांच्या ओळखीची झाली आणि तिथून ती घरच्या अंगणात नि गच्चीवर आली. मसाला मात्र घरात आधीपासून होताच. कृती सोपी दिसते आणि सोपीच आहे, पण तिची सगळी परीक्षा एका गोष्टीत आहे : आंबट किती वेळ लावून ठेवायचे. बांगडा याबाबतीत सोशीक असतो, सुंगट नसते.

सुंगटं गोव्यात समुद्रातून येतात तशीच खाडीतून आणि खाजनातूनही येतात. मांडवी, झुवारी, शापोरा या नद्यांच्या मुखाकडच्या पट्ट्यात बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनी म्हणजे खाजने. बांधात मानस नावाचे लाकडी दरवाजे असतात. भरतीचे पाणी आत येते, ओहोटीला बाहेर पडते, आणि बाहेर पडताना तोंडाशी लावलेल्या जाळ्यात सुंगटं सापडतात. मानशीवर मासे धरण्याचा हक्क गावागावांत लिलावाने दिला जातो. ही सुंगटं आकाराने लहान-मध्यम, पण चवीला गोडसर. गोव्यातले जाणते गिऱ्हाईक समुद्रातल्या मोठ्या कोळंबीपेक्षा त्यांना जास्त भाव देते आणि ते योग्यच आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या काळात बाजारात नदीतली आणि तळ्यात वाढवलेली सुंगटं दिसतात. तळ्यातल्या मालात आता व्हनामी ही जात मोठ्या प्रमाणावर असते. ती मूळची पॅसिफिक महासागराच्या अमेरिकी किनाऱ्याची असून भारतात तिच्या व्यावसायिक संवर्धनाला 2009 मध्ये परवानगी मिळाली. भाजायला ती चालते, पण तिला स्वतःची चव कमी असल्याने मसाला थोडा ठळक लागतो.

भाजण्यासाठी किलोला 25 ते 30 भरतील अशी सुंगटं घ्यावीत. याहून लहान असतील तर मसाला शिजण्याआधी मांस सुकते. ती हुमणाला ठेवलेली बरी. ताज्या सुंगटाचे डोके अंगाला घट्ट चिकटलेले असते, कवच चकचकीत असते आणि वास समुद्राचा येतो. डोके लोंबत असेल, अंगावर काळे डाग पडू लागले असतील किंवा अमोनियासारखा उग्र दर्प असेल तर घेऊ नयेत. म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात मासळीवाली बर्फ बाजूला सारून माल दाखवते, तेव्हा दोन सुंगटं हातात घेऊन दाबून पाहण्यात संकोच करण्याचे कारण नाही. घरी आणल्यावर लगेच रांधायची नसतील तर आधी डोकी काढावीत. डोक्यातल्या पाचक ग्रंथींतले विकर (एंझाइम) मांसात उतरतात आणि ते भुसभुशीत होऊ लागते. किलोभर सुंगटं डोके-कवच काढल्यावर जेमतेम निम्मी भरतात, हे आणतानाच लक्षात घ्यावे.

साफ करताना शेपटी आणि तिच्यालगतचे कवच राहू द्यावे. भाजताना धरायला बरे पडते. कात्रीने पाठीवर डोक्याकडून शेपटीकडे कवच कापत जावे, मग सुरीच्या टोकाने उथळ चीर द्यावी. आत काळसर दोरा दिसतो. ते सुंगटाचे आतडे. दुसऱ्या-तिसऱ्या वलयाखाली काडी घालून ते हलकेच वर उचलले तर बहुधा अखंड निघून येते. ओढाताण केली की तुटते आणि वाळूची कचकच आत राहते. कवच पूर्ण काढायचे की ठेवायचे यावर मतभेद आहेत. निखाऱ्यावर भाजताना कवचासकट भाजलेले सुंगट जास्त रसदार राहते, आणि पाठीवर चीर असली की मसालाही आत पोचतो. तव्यावर करायचे असेल तर सोललेले बरे. काढलेली डोकी आणि कवच टाकू नयेत; थोड्या पाण्यात उकळून गाळलेले ते पाणी दुसऱ्या दिवशीच्या हुमणात घालतात.

मसाल्याचे गोव्यात ढोबळमानाने दोन वळणे आहेत आणि दोन्ही आंबटावरून ओळखू येतात. ख्रिस्ती घरांत माडाच्या सुरेपासून केलेला व्हिनेगर वापरतात. त्यात वाटलेली सुक्या लाल मिरच्यांची गोळी म्हणजे रेशाद मसाला. हिंदू घरांत ती जागा कोकमाच्या आगळाने, म्हणजे खारवलेल्या रसाने, किंवा चिंचेच्या कोळाने घेतली जाते. मिरची आणि व्हिनेगर यांचा गोव्याच्या स्वयंपाकातला वावर 1510 नंतरच्या पोर्तुगीज काळातला, आगळ इथल्याच मातीतले. आज दोन्ही घरांतल्या बरण्या एकमेकांकडे गेल्या आहेत आणि त्यात काहीही बिघडलेले नाही.

अर्धा किलो साफ केलेल्या सुंगटांना आठ-दहा सुक्या लाल मिरच्या, लसणाच्या आठ पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले, अर्धा चमचा जिरे, सहा-सात मिरे, तीन लवंगा, दालचिनीचा तुकडा, पाव चमचा हळद आणि चिमूटभर गूळ किंवा साखर पुरते. रंगासाठी काश्मिरी मिरची वापरतात. काणकोणची खोला मिरची मिळाली तर रंग आणि तिखट दोन्ही तिच्यातच साधते. मिरच्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवाव्यात आणि त्याच व्हिनेगरमध्ये, पाणी न घालता, गुळगुळीत वाटाव्यात. पाणी पडले की मसाला पातळ होऊन निखाऱ्यात गळतो आणि टिकतही नाही. बिनपाण्याचा मसाला काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये कित्येक आठवडे राहतो. आगळ वापरायचे झाल्यास त्यात आधीच मीठ असते, त्यामुळे वरून घालायचे मीठ बेताने. तिरफळ बांगड्याला शोभते. सुंगटांना सहसा घालत नाहीत.

मसाला दोनदा लावावा. आधी मीठ आणि हळद चोळून सुंगटं वीस मिनिटे झाकून फ्रीजमध्ये ठेवावीत. मीठ मांसात खोल उतरते आणि भाजताना पाणी धरून ठेवते. मग सुटलेले पाणी निथळून, कोरडे करून, आंबट मसाला लावावा आणि त्यानंतर फार तर अर्धा तास थांबावे. आम्लाने प्रथिने उलगडतात, म्हणजे विस्तवाशिवायच मांस वरून शिजू लागते. सुंगटाचे तंतू नाजूक असल्याने हे फार लवकर घडते. रात्रभर मुरवलेली सुंगटं भाजल्यावर बाहेरून पिठूळ आणि आतून चिवट लागतात. मसाला चांगला असूनही घास फसतो. कोंबडीचा हिशेब इथे लावता येत नाही. कच्ची पपई किंवा अननस तर मुळीच लावू नये; त्यांतली विकरे मांस विरघळवून टाकतात. मसाला लावायला काच, चिनी माती किंवा स्टीलचे भांडे घ्यावे. अ‍ॅल्युमिनियम किंवा बिनकल्हईचे पितळ आंबटाला चालत नाही.

निखारे करवंटीच्या कोळशाचे असले तर आच जोरकस नि कमी धुराची मिळते. कोळशावर पांढरी राख चढेपर्यंत थांबावे. जाळीच्या उंचीवर तळहात तीन-चार सेकंदच धरवला तर आच पुरेशी झाली. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवून घ्याव्यात आणि एका सुंगटात दोन काड्या समांतर ओवाव्यात, म्हणजे उलटताना ते गरगर फिरत नाही. जाळीला आणि सुंगटांना खोबरेल तेल लावावे. या आकाराच्या सुंगटाला एका बाजूला दोन मिनिटे, दुसऱ्या बाजूला दीड ते दोन मिनिटे पुरतात.

शिजले कसे ओळखायचे? कच्च्या कवचातले नारिंगी रंगद्रव्य प्रथिनाला बांधलेले असते, म्हणून सुंगट करडे-निळसर दिसते. उष्णतेने ते सुटते आणि रंग फुलतो. पण मसाला लावल्यावर सगळेच लाल असल्याने ही खूण कामाची राहत नाही. पाठीवरच्या चिरेत डोकावावे. तिथला काचेसारखा पारदर्शक करडेपणा जाऊन मांस दुधाळ पांढरे झाले की लगेच उतरवावे. सुंगट अर्धगोल वळले तर नेमके झाले. शेपटी डोक्याच्या बाजूला टेकेपर्यंत आक्रसले तर जास्त झाले. आतले तापमान 63 अंश सेल्सिअसला पोचले की ते खायला सुरक्षित असते. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवावा आणि सुंगटं थोडी थोडी घालावीत. एकदम सगळी घातली तर पाणी सुटून ती भाजण्याऐवजी उकडतात.

कच्च्या सुंगटांखाली उरलेला मसाला तसाच वरून ओतू नये. छोट्या पातेल्यात चांगला उकळल्यावर तो चटणीसारखा वाढता येतो. कवचवर्गीय जलचरांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी भाजलेली सुंगटंही टाळावीत. तिला मुख्यत्वे कारण असलेले ट्रोपोमायोसिन हे प्रथिन आचेने नष्ट होत नाही.

सोबत उकड्या तांदळाचा भात, सोलकढी आणि मीठ लावलेला कांदा असतो. संध्याकाळी खायची तर पोय, म्हणजे कोंड्याचा गोव्याचा पाव, पुरते. सोमवार-गुरुवार पाळणाऱ्या घरांत आणि श्रावणात हा पदार्थ होत नाही. उरलेली सुंगटं पुन्हा जाळीवर गरम केली की कडक होतात. त्यांचे तुकडे करून कांदा-टोमॅटोवर परतावेत, किंवा भात शिजत आला की वरून मिसळून झाकण ठेवावे.