बॅप्टिस्ट पंथ : उगम, श्रद्धा आणि शाखा

प्रॉटेस्टंट ख्रिस्ती परंपरेतील एक मोठा पंथसमूह. ज्याने स्वतः समजून-उमजून ख्रिस्तावर विश्वास ठेवला त्यालाच बाप्तिस्मा (पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा) द्यायचा, तान्ह्या बाळाला द्यायचा नाही, आणि तो पाण्यात संपूर्ण बुडवून द्यायचा, ही बॅप्टिस्टांची सर्वपरिचित खूण आहे. या आग्रहाच्या मुळाशी एक व्यापक धारणा आहे. माणसाने देवाला काय उत्तर द्यावे हे त्याच्या वतीने राजा, बिशप किंवा आईबाप ठरवू शकत नाहीत. या धारणेमुळे बॅप्टिस्टांनी धर्मस्वातंत्र्याची बाजू फार लवकर आणि फार धैर्याने मांडली. ‘बॅप्टिस्ट’ नावाखाली परस्परांशी न पटणारे इतके गट का आहेत, याचे उत्तरही त्याच धारणेत सापडते.

उगम

सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये चर्च ही राज्यसंस्थेचीच एक बाजू होती. गावात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचा बाप्तिस्मा होई आणि त्यायोगे ते आपोआप राजाच्या चर्चचे सभासद बने. हे चर्च आतून सुधारणार नाही असे ठरवून त्यातून बाहेर पडलेल्या लोकांना सेपरेटिस्ट म्हणत. केंब्रिजमध्ये शिकलेला जॉन स्मिथ हा गेन्सबरो येथील अशाच एका मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, पाळक (धर्मोपदेशक) होता. याच मंडळीशी निगडित असलेला स्क्रूबीचा गट पुढे लायडनमार्गे अमेरिकेत प्लिमथला पोहोचला. स्मिथचे लोक मात्र सुमारे १६०८ मध्ये ॲमस्टरडॅमला गेले. तिथे नव्या कराराचा अभ्यास करताना स्मिथ एका अडचणीच्या निष्कर्षावर आला: लहान बालकांना दिलेला बाप्तिस्मा खरा नसेल, तर आपल्यापैकी कोणाचाच बाप्तिस्मा झालेला नाही. १६०९ मध्ये त्याने प्रथम स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा दिला आणि मग टॉमस हेल्विस व इतरांना दिला. समकालीनांनी या कृतीची खूप निंदा केली. पुढे स्मिथलाही तिच्याविषयी शंका वाटू लागली आणि तो डच मेनोनाइटांमध्ये, म्हणजे ॲनाबॅप्टिस्टांच्या एका शाखेत, सामील होण्याच्या प्रयत्नाला लागला. हा बाप्तिस्मा पाणी ओतून दिलेला होता, बुडवून नव्हे. ती प्रथा तीसेक वर्षांनी आली.

हेल्विसला मेनोनाइटांकडे जाणे मान्य नव्हते. छळाला भिऊन मायदेश सोडणेच चूक होते, असेही त्याला वाटू लागले. तो थोडे अनुयायी घेऊन परतला आणि सुमारे १६१२ मध्ये लंडनजवळ स्पिटलफील्ड्स येथे इंग्लंडच्या भूमीवरील पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभी राहिली. त्याच वर्षीच्या आपल्या पुस्तकात त्याने पहिल्या जेम्स राजाला उद्देशून लिहिले की राजा हा मर्त्य माणूस आहे, देव नाही, आणि प्रजेच्या अमर आत्म्यांवर त्याची सत्ता चालत नाही. त्याने हा हक्क केवळ आपल्या पंथापुरता मागितला नाही. पाखंडी, मुसलमान, यहुदी, कोणीही असो, धर्मासाठी त्याला शिक्षा करणे हे ऐहिक सत्तेचे काम नाही, असे त्याने स्पष्ट म्हटले. हेल्विसला न्यूगेट तुरुंगात टाकण्यात आले आणि १६१६ च्या सुमारास तो मरण पावला. या पंथाचे खरे वैभव कुठे शोधायचे, तर या माणसाच्या त्या चार ओळींत.

बॅप्टिस्टांच्या मुळाविषयी आणखी दोन मते आहेत. १५२५ मध्ये झुरिकला सुरू झालेल्या, बालबाप्तिस्मा नाकारणाऱ्या ॲनाबॅप्टिस्ट चळवळीपासून बॅप्टिस्ट आले, असे एक मत. दोघांत साम्य पुष्कळ आहे आणि ॲमस्टरडॅममध्ये स्मिथचा मेनोनाइटांशी निकट संबंधही होता. पण शपथ घेणे, शस्त्र धरणे, सरकारी पद स्वीकारणे ॲनाबॅप्टिस्टांना वर्ज्य होते आणि इंग्लिश बॅप्टिस्टांनी ते वर्ज्य मानले नाही. दुसरे मत असे की योहान बाप्तिस्मा करणाऱ्यापासून आजवर बॅप्टिस्ट मंडळ्यांची अखंड परंपरा चालत आली आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेत जे. आर. ग्रेव्ह्‌ज याने चालवलेल्या लँडमार्क चळवळीने हे मत फार पसरवले. त्यासाठी मध्ययुगातील अनेक बंडखोर पंथांना बॅप्टिस्ट ठरवावे लागते आणि कागदपत्रे त्याला साथ देत नाहीत. इंग्लिश सेपरेटिस्टांपासूनचा उगम हाच पुराव्याला धरून आहे.

जनरल आणि पर्टिक्युलर

ख्रिस्त कोणासाठी मरण पावला? सगळ्यांसाठी, असे स्मिथ व हेल्विसच्या परंपरेचे उत्तर होते. म्हणून ते जनरल बॅप्टिस्ट. तारण प्रत्येकासाठी खुले आहे, माणूस ते स्वीकारू वा नाकारू शकतो, आणि विश्वासातून घसरूही शकतो, असे ते मानत. १६३० च्या दशकात लंडनमध्येच, हेन्री जेकबने १६१६ साली स्थापलेल्या एका सेपरेटिस्ट मंडळीतून फुटून, दुसरा प्रवाह निघाला. हे लोक सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या मताचे होते. देवाने अनादिकाळी निवडलेल्यांसाठीच ख्रिस्ताचे प्रायश्चित्त आहे आणि निवडलेला माणूस शेवटपर्यंत टिकतोच, असे मानणारे हे पर्टिक्युलर बॅप्टिस्ट. एकाच नावाचे हे दोन प्रवाह वेगवेगळ्या झऱ्यांतून निघाले आहेत, हे लक्षात घेतले नाही तर पुढचा गुंता उलगडत नाही.

बुडवून बाप्तिस्मा देण्याची प्रथा पर्टिक्युलर मंडळ्यांनी १६४१ च्या सुमारास सुरू केली. ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि पुन्हा उठणे हा अर्थ बुडण्यातूनच व्यक्त होतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. १६४४ मध्ये लंडनच्या सात मंडळ्यांनी प्रसिद्ध केलेल्या विश्वासाच्या कबुलीत, म्हणजे आपल्या श्रद्धा मांडणाऱ्या जाहीर पत्रात, हा नियम लिहिला गेला. १६७७ मध्ये रचलेली आणि १६८९ मध्ये अनेक मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी मान्य केलेली दुसरी लंडन कबुली आजही कॅल्व्हिनवादी बॅप्टिस्टांना प्रमाण वाटते.

समान श्रद्धा

प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असते. ती आपला पाळक स्वतः निवडते, सभासद घेते व काढते, आणि तिच्यावर बिशप नसतो. पदे दोनच, पाळक आणि डीकन (मंडळीच्या कामात मदत करणारा सेवक). मंडळ्या एकत्र येऊन असोसिएशन, युनियन किंवा कन्व्हेन्शन स्थापतात, पण या संस्थांना मंडळीवर हुकूम चालवता येत नाही. फार तर तिला सभासदत्वातून वगळता येते. बायबल हे श्रद्धेचे आणि आचाराचे अंतिम प्रमाण. कबुलीपत्रे लिहिली जातात, परंतु सगळ्यांना बांधील असे एकच मतपत्र नाही. विधीही दोनच मानतात, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. बाप्तिस्म्याने तारण मिळते असे बहुसंख्य बॅप्टिस्ट मानत नाहीत. आधीच मिळालेल्या तारणाची ती जाहीर साक्ष असते. प्रभुभोजनातली भाकर आणि द्राक्षरस ही बहुतेकांच्या मते ख्रिस्ताच्या मृत्यूची आठवण आहे.

प्रभुभोजनाला कोणाला बसू द्यायचे, यावर मात्र शतकानुशतके वाद झाला. बेडफर्डचा जॉन बन्यन बाप्तिस्म्याबद्दल मतभेद असलेल्या विश्वासणाऱ्यालाही पंक्तीत घ्यायला तयार होता, तर लंडनचा विल्यम किफिन याला सक्त विरोध करी. बन्यनची बाजू मला अधिक सुवार्तेला धरून वाटते. इंग्लंडमधील स्ट्रिक्ट बॅप्टिस्ट मंडळ्या आजही किफिनच्या बाजूने उभ्या आहेत.

अमेरिका

मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार झालेल्या रॉजर विल्यम्सने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवले आणि १६३८-३९ च्या सुमारास तिथे अमेरिकेतील पहिली बॅप्टिस्ट मंडळी स्थापन झाली. विल्यम्स स्वतः काही महिन्यांतच तिच्यातून बाहेर पडला, पण ऱ्होड आयलंडमध्ये धर्मस्वातंत्र्य टिकले. त्याला कायद्याचे बळ देणारी १६६३ ची सनद मिळवण्याचे श्रेय न्यूपोर्टच्या जॉन क्लार्कचे. शेजारच्या बॉस्टनमध्ये १६५१ साली ओबडाया होम्स या बॅप्टिस्टाला भर रस्त्यात फटके मारण्यात आले होते. व्हर्जिनियात क्रांतीपूर्वी परवान्याविना उपदेश केल्याबद्दल बॅप्टिस्ट उपदेशक तुरुंगात जात. १८०२ मध्ये टॉमस जेफरसनने चर्च आणि राज्य यांच्यातील भिंतीचा जो प्रसिद्ध उल्लेख केला, तो कनेटिकटमधल्या डॅनबरी बॅप्टिस्ट असोसिएशनला लिहिलेल्या उत्तरात.

अठराव्या शतकातील धर्मजागृतीने या पंथाचे रूप पालटले. १७५५ मध्ये शुबल स्टर्न्सने नॉर्थ कॅरोलायनातील सँडी क्रीक येथे सेपरेट बॅप्टिस्टांची, म्हणजे या जागृतीतून निघालेल्या बॅप्टिस्टांची, मंडळी स्थापली. भावनेने थरथरणारा उपदेश, विद्वत्तेचा आग्रह न धरणारे पाळक आणि झपाट्याने होणारा विस्तार ही तिची वैशिष्ट्ये. दक्षिणेत बॅप्टिस्ट बहुसंख्य झाले त्याची सुरुवात इथे आहे.

त्याच दक्षिणेत हा पंथ आपल्या मूळ धारणेशी सर्वांत वाईट रीतीने प्रतारणा करून बसला. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवायचे का, या प्रश्नावर उत्तरेकडच्या मंडळाने नकार दिला, आणि मे १८४५ मध्ये जॉर्जियातील ऑगस्टा येथे सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन स्थापन झाले. आत्म्यावर राजाचीही सत्ता नाही असे सांगणाऱ्यांच्या वारसांनी माणसाच्या मालकीचे समर्थन बायबलमधून केले. कन्व्हेन्शनने याबद्दल क्षमा मागितली ती १९९५ मध्ये. हे आज अमेरिकेतील सर्वांत मोठे प्रॉटेस्टंट संघटन आहे.

गुलाम केलेल्या आफ्रिकी लोकांनी मात्र तोच संदेश ऐकून त्याचा पुरेपूर अर्थ घेतला. साउथ कॅरोलायनातील सिल्व्हर ब्लफ येथे १७७० च्या दशकात कृष्णवर्णीय बॅप्टिस्टांची मंडळी उभी राहिली. गुलामगिरीतून मुक्त झालेला जॉर्ज लाइल जमैकात गेला आणि तिथे मंडळ्या उभारू लागला. इंग्लिश बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम केरी भारतात येण्याच्या सुमारे दहा वर्षे आधीची ही गोष्ट. मिशनरी इतिहासात लाइलला केरीच्या तोडीचे स्थान मिळायला हवे. जमैकातच सॅम शार्प या बॅप्टिस्ट डीकनच्या नेतृत्वाखाली १८३१ च्या नाताळात गुलामांचा उठाव झाला. शार्पला १८३२ मध्ये फाशी दिले गेले आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. अमेरिकेत १८९५ मध्ये नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन स्थापन झाले. नेतृत्व आणि नागरी हक्कांच्या लढ्याची पद्धत यांवरून त्यात मतभेद झाले, तेव्हा १९६१ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बाजूचे लोक बाहेर पडून प्रोग्रेसिव्ह नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन निघाले.

इतर गट

फ्री विल बॅप्टिस्ट जनरल परंपरेचे. त्यांच्या मते तारण गमावता येते, आणि ते पाय धुण्याचाही विधी पाळतात. प्रिमिटिव्ह बॅप्टिस्टांनी १८३२ च्या ब्लॅक रॉक निवेदनात मिशन सोसायट्या, रविवार-शाळा, धर्मशास्त्राची विद्यालये हे सारे बायबलबाह्य ठरवून नाकारले. उपासनेत ते सहसा वाद्येही वापरत नाहीत. सेव्हन्थ डे बॅप्टिस्ट शनिवारी शब्बाथ पाळतात. त्यांची अमेरिकेतील पहिली मंडळी १६७१ ची आहे, म्हणजे शनिवारच पाळणाऱ्या ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या कितीतरी आधीची. विसाव्या शतकात आधुनिक विचारांच्या विरोधात निघालेले इंडिपेंडंट बॅप्टिस्ट कोणत्याही कन्व्हेन्शनशी जोडून घेत नाहीत.

मिशनकार्य आणि भारत

पर्टिक्युलर बॅप्टिस्टांमध्ये अठराव्या शतकात एक टोकाचे मत बळावले होते: देवाने निवडलेले आपोआप येतील, मग इतरांना विश्वासाचे आवाहन कशाला? अँड्र्यू फुलरने कॅल्व्हिनवादी राहूनच या मताचे खंडन केले. त्यातून १७९२ मध्ये केटरिंग येथे बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी निघाली आणि १७९३ मध्ये विल्यम केरी बंगालमध्ये उतरला. १८०० पासून डॅनिश अमलाखालील श्रीरामपूर येथे केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी छापखाना चालवला. केरीने वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी कोश १८१० मध्ये सिद्ध केला.

१८१२ मध्ये बालबाप्तिस्मा मानणाऱ्या काँग्रिगेशनल पंथाचा मिशनरी म्हणून निघालेल्या अडोनिराम जडसन या अमेरिकनाने समुद्रप्रवासात बाप्तिस्म्याचा अभ्यास करून मत बदलले आणि कलकत्त्याला बुडवून बाप्तिस्मा घेतला. तो पुढे ब्रह्मदेशात गेला. त्याला पाठबळ देण्यासाठी १८१४ मध्ये अमेरिकेतील बॅप्टिस्ट प्रथमच देशव्यापी संघटनेत एकत्र आले. १८४५ मध्ये गुलामगिरीवरून फुटली ती हीच संघटना.

आंध्रात अमेरिकन मिशनरी जॉन क्लफच्या काळात, मोठ्या दुष्काळानंतर, ३ जुलै १८७८ या एका दिवसात ओंगोलजवळ २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. त्यांतले बहुतेक मादिगा या अस्पृश्य मानलेल्या जातीचे होते. नागा टेकड्यांत आधी गेला तो गोधुला हा आसामी प्रचारक, आणि त्याच्यामागून १८७२ मध्ये अमेरिकन मिशनरी ई. डब्ल्यू. क्लार्क. आज नागालँडमधील ख्रिस्ती लोकांत बॅप्टिस्टांचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. गारो टेकड्या आणि दक्षिण मिझोराम येथेही त्यांच्या भक्कम मंडळ्या आहेत.

अलीकडचा काळ

१९०५ मध्ये लंडनला बॅप्टिस्ट वर्ल्ड अलायन्स स्थापन झाली. तिला सल्लामसलतीपलीकडे अधिकार नाही. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनमध्ये १९७९ पासून पुराणमतवादी गटाने पकड घट्ट केली, त्यामुळे १९९१ मध्ये मवाळ मंडळ्यांनी कोऑपरेटिव्ह बॅप्टिस्ट फेलोशिप स्थापली. कन्व्हेन्शन २००४ मध्ये वर्ल्ड अलायन्समधून बाहेर पडले. पाळकपद पुरुषांपुरते राखणारे कलम त्याने २००० सालच्या आपल्या कबुलीत घातले, आणि २०२३ मध्ये स्त्री पाळक असलेल्या काही मंडळ्यांना सभासदत्वातून वगळले. त्यांत कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक ही अत्यंत मोठी मंडळी होती. वगळलेल्या मंडळ्यांच्या इमारती, सभासद आणि पाळक त्यांच्याकडेच राहिले, कारण बॅप्टिस्ट व्यवस्थेत ते काढून घेण्याचा अधिकार कन्व्हेन्शनला नाही.