बिग स्टार : ३१ वर्षांनी आलेल्या अल्बममागची गोष्ट

नागपुरात कॉलेजच्या पोट्ट्यांचे बँड फुटतात ते बहुतेक नोकरीपायी. ड्रमर पुण्याला जातो, गिटारवाला बंगळुरूला, आणि रिहर्सल बंद पडते. म्हणून कुठलाही जुना बँड पुन्हा उभा राहिला की इथल्या वाजवणाऱ्यांना त्याचं फार अप्रूप. पण अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या बिग स्टार बँडचा २००५ चा ‘इन स्पेस’ हा अल्बम ऐकायचा, तर हा बँड का थांबला, ते आधी माहीत हवं. त्यांची गाणी आटली नव्हती. रेकॉर्डीच दुकानांत पोचल्या नाहीत.

पॉवर पॉप म्हणजे बीटल्सच्या वळणाची, ऐकताक्षणी ओठांवर येणारी चाल आणि तिच्या जोडीला खणखणीत इलेक्ट्रिक गिटार. ॲलेक्स चिल्टन, ख्रिस बेल, अँडी हमल आणि जोडी स्टीफन्स यांना हे विलक्षण साधलं होतं. त्यातला चिल्टन तर १९६७ सालीच, सोळाव्या वर्षी, बॉक्स टॉप्स या बँडच्या ‘द लेटर’ गाण्यामुळे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन आलेला. बँडचं नाव, ते जिथे ध्वनिमुद्रण करत त्या आर्डेंट स्टुडिओसमोरच्या किराणा बाजाराचं.

१९७२ चा ‘नंबर वन रेकॉर्ड’ समीक्षकांनी उचलून धरला, पण वितरण होतं सोल म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतातल्या स्टॅक्स कंपनीकडे. परीक्षण वाचून लोक दुकानात जात, तिथे रेकॉर्डच नसे. ‘मुंबईहून माल आला की सांगतो’ हे बर्डीच्या कॅसेटवाल्याकडून ऐकलेल्यांना ही तगमग कळेल. बेल खचून बाहेर पडला. तोवर स्टॅक्सचं वितरण कोलंबिया या बड्या रेकॉर्ड कंपनीकडे गेलं, दोघांचं बिनसलं आणि १९७४ चा ‘रेडिओ सिटी’ही तसाच अडकला. माझ्या मते तो त्यांचा सर्वोत्तम अल्बम. हमल शिक्षण पुरं करायला गेला आणि पुढे विमानं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर झाला. तिसरा अल्बम १९७४ मध्येच ध्वनिमुद्रित झाला, पण बाजारात यायला १९७८ उजाडलं. त्याच वर्षी डिसेंबरात बेल मोटार अपघातात गेला, २७ व्या वर्षी.

मग त्या न खपलेल्या रेकॉर्डी वाजवणाऱ्यांमध्ये हातोहात फिरू लागल्या. आर.ई.एम.सारख्या बँडांनी बिग स्टारचं ऋण उघड मानलं. रिप्लेसमेंट्स या बँडने १९८७ मध्ये चिल्टनच्या नावाचं गाणंच केलं. १९९३ साली मिसुरी विद्यापीठातल्या कॅम्पस रेडिओच्या पोरांनी ‘बिग स्टार म्हणून पुन्हा वाजवाल का’ असं विचारलं, आणि चिल्टन चक्क हो म्हणाला. सोबत स्टीफन्स, आणि पोझीज बँडमधले जॉन ऑअर व केन स्ट्रिंगफेलो. हे दोघं बिग स्टारच्या रेकॉर्डी ऐकतच घडलेले.

या चौघांनी पुन्हा आर्डेंटमध्येच ‘इन स्पेस’ केला, १९७४ च्या ध्वनिमुद्रणांनंतर ३१ वर्षांनी आलेला. बहुतेक गाणी चौघांची मिळून. मध्येच सोलचा ठेका, मध्येच सतराव्या शतकातल्या जॉर्ज मुफाट या युरोपीय संगीतकाराची बरोक, म्हणजे त्या काळच्या शैलीतली, रचना. अनेकांची निराशा झाली, कारण त्यांना १९७४ चा चिल्टन हवा होता. मला तो हट्टच अन्यायाचा वाटतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने विशीतलं दुःख उसनं आणून का गावं?

१७ मार्च २०१० रोजी, ऑस्टिनमधल्या कार्यक्रमाच्या तोंडावर, चिल्टन गेला, जुलैत हमलही. ‘इन स्पेस’ शेवटचा स्टुडिओ अल्बम ठरला. नव्याने ऐकणाऱ्याने सुरुवात मात्र ‘रेडिओ सिटी’पासूनच करावी.